आठव्या अडथळ्याची वीट

कॉलेजातल्या मुली तिला काटामॅडम म्हणतात. तोंडावर नुसतं मॅडम, पाठ वळली की काटामॅडम. तिच्या ट्रॅकसूटच्या एका खिशात शिट्टी आणि स्टॉपवॉच असतं, दुसऱ्या खिशात स्प्रिंगचा काटा. भंगारवाला रद्दीचा गठ्ठा लटकवून वजन करतो ना, तसला. रोज सकाळी सराव सुरू होण्याआधी ती त्या काट्याचा हुक अडथळ्याच्या वरच्या पट्टीला अडकवते आणि अडथळा आडवा होईपर्यंत ओढते. साडेतीन ते चार किलोच्या ओढीला पडला तर ठीक. नाही पडला तर त्याच्या पायातलं वजन सरकवायचं आणि पुन्हा ओढायचं. साठ अडथळे असले तर साठ वेळा. मैदानाला फेऱ्या मारायला येणारे निवृत्त लोक थांबून बघतात आणि आपसात हसतात. हसू देत. त्यांच्यातल्या एकाचाही गुडघा कुणाच्या निष्काळजीपणाने फुटलेला नाही.

मुळात लोकांना वाटतं की अडथळा म्हणजे भिंत. चुकलात तर कपाळमोक्ष. तसं अजिबात नाही. अडथळा केलेलाच असतो पडण्यासाठी. धावणाऱ्याचा पाय लागला की त्याने मुकाट्याने पुढे आडवं व्हायचं आणि वाट मोकळी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. वेळ थोडा जातो, पण माणूस धडधाकट राहतो. एवढी साधी गोष्ट तिला वयाच्या नवव्या वर्षी कळली होती. पुढे मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेल्यांना ती कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी कानाडोळा केला. दोन्हींत दुसरंच खरं असावं.

तिचे बाबा शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. पुढून मागे जायचं तर मशीन, कापडांचे ढीग आणि आई अशा तिघांना चुकवावं लागे. ही चालत कधी जातच नसे. शेवटी बाबांनी वैतागून मागच्या बोळात दोन स्टुलं ठेवली, त्यांच्यावर कापड मोजायचा लाकडी गज आडवा टाकला आणि सांगितलं, काय उड्या मारायच्या त्या इथे मार. पहिल्याच दिवशी गज चार वेळा पडला. ती रडवेली झाली, तर दोऱ्याचं टोक दातांनी तोडत बाबा म्हणाले, "पडू दे की गज. त्याला काय दुखतंय? तो बांधून ठेवला असता, तर तू पडली असतीस."

बाबांनी आयुष्यात गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून माप घेतलं नाही. छाती छत्तीस आहे म्हणून सांगणाऱ्याला ते उभं करत आणि टेप लावत. लोक चिडायचे, आमच्यावर विश्वास नाही का म्हणायचे. बाबा म्हणायचे, तुमच्यावर आहे हो, तुमच्या छत्तीसवर नाही. ही सवय मुलीत जशीच्या तशी उतरली, आणि ज्या जगात ती पुढे वावरली तिथे या सवयीएवढा अपराध दुसरा नव्हता.

सतराव्या वर्षी ती अडथळ्यांच्या शर्यतीत पहिली आली. मग लागोपाठ तीन वर्षं देशात पहिली. शंभर मीटर, दहा अडथळे, दोन अडथळ्यांच्या मधे तीन पावलं. चौथं पाऊल टाकलं की संपलं. तिच्या धावण्यात आवाज नसायचा, असं तेव्हा तिच्या बरोबर धावलेल्या बायका आजही सांगतात. शेजारच्या पट्ट्यात आपल्याच बुटांचा खडखडाट ऐकू यायचा, आणि ही पुढे गेलेली असायची.

बाविसाव्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. त्या दिवशी वारा सुटला होता. मांडून ठेवलेले अडथळे शर्यतीआधीच धडाधड आडवे होत होते, आणि मैदानावरची माणसं ते उचलून उचलून मेटाकुटीला आली होती. अशा वेळी मैदानावर एक जुनी युक्ती करतात. अडथळ्याच्या पायावर वीट ठेवतात. पाहुणे बसेपर्यंत, फोटो निघेपर्यंत रांग सरळ दिसते. शर्यत सुरू होण्याआधी विटा उचलायच्या आणि पंचप्रमुखाने एकदा प्रत्येक पट्ट्यातून चालत जाऊन खात्री करून घ्यायची, असा नियम. चालत जायला पाच मिनिटं लागतात. पंचप्रमुख त्या वेळी मंडपात मंत्र्यांच्या शेजारची खुर्ची राखत होते.

सातव्या अडथळ्यापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. आठव्याला तिच्या मागच्या पायाचा गुडघा पट्टीला लागला. असं होतं, सगळ्यांचं होतं, तिचंही आधी पन्नासदा झालं होतं. फक्त या वेळी पट्टी हलली नाही. गुडघ्याची वाटी फुटली. ती तोंडावर आपटली, आणि डोळ्यांसमोरचा अंधार ओसरल्यावर तिला पहिल्यांदा काय दिसलं असेल तर अडथळ्याच्या पायावर बसलेली वीट. अर्धी तुटलेली, एका कोपऱ्याला निळा रंग लागलेला. गालापासून वीतभर अंतरावर. स्ट्रेचर येईपर्यंत ती त्या विटेकडेच बघत होती. तिला उचलताना कुणीतरी ती वीटही उचलली.

पुढे चौकशी झाली. एका खोलीत तीन खुर्च्यांवर तीन माणसं, समोर चहा, आणि त्यांच्यापुढे कुबड्या घेऊन ही. बसा म्हणायलाही त्यांना दहा मिनिटं लागली. तिने सांगितलं, वीट होती. त्यांनी विचारलं, कुठे आहे ती वीट? आता ही स्ट्रेचरवरून जाताना काखोटीला वीट मारून जाणार होती का? फोटोत वीट नव्हती. असणार कशी, फोटो ती गेल्यावर काढलेला. मग पंचप्रमुखांना विचारलं. ते उभेसुद्धा राहिले नाहीत. बसल्या जागी म्हणाले, "शर्यतीआधी सगळी पाहणी मी स्वतः केली आहे." झालं. अहवालात लिहिलं गेलं की खेळाडूने पुरेशी उंची घेतली नाही, अडथळ्यात दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, घाई नडली.

वीट राहिली, याचा तिला राग नव्हता. माणसं दमतात, एखादी राहून जाते. पुढच्या आयुष्यात तिने स्वतःही शंभर गोष्टी विसरल्या. राग होता तो त्या एका वाक्याचा. मी पाहिलं नाही, चुकलं माझं, असं तो माणूस म्हणाला असता, तर गुडघा काही जुळून आला नसता. पण देशातल्या सगळ्यांत चपळ मुलीला उडीच मारता येत नव्हती, हे तरी कागदावर राहिलं नसतं. खापर फोडायला त्यांना नेमकं तेच डोकं सापडलं, जे आधीच जमिनीवर आपटलेलं होतं.

लग्न झालं ते पोस्टात टपाल निवडणाऱ्या एका शांत माणसाशी. त्याने पहिल्या भेटीत विटेची सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाला, तुमचं बरोबर आहे, पण चहा गार होतोय. आजही तो तेच करतो. ती तावातावाने बोलत असते, तो मान डोलावत तिच्या पुढ्यात ताट सरकवतो. पण स्प्रिंगचा काटा त्यानेच भंगारवाल्याकडून आणून दिला होता. लोकांना विटेचं सांगत बसू नकोस, म्हणाला, त्यांना आकडा दाखव. आकड्यापुढे माणसाला तोंड वर करून बोलता येत नाही. या बाबतीत तो बिचारा भोळा निघाला, पण ते पुढे.

कॉलेजात ती प्रशिक्षक म्हणून लागली, तात्पुरती. अठरा वर्षं झाली, अजून तात्पुरतीच आहे. दर वर्षी एक कागद येतो, त्यावर प्राचार्य सही करतात, आणि ती आणखी एका वर्षापुरती प्रशिक्षक होते. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज कायम नोकऱ्यांत आहेत, हिची मात्र जून उजाडला की छाती धडधडते. तिची शिकवण्याची तऱ्हाही बाकीच्यांना विचित्र वाटते. नवी मुलगी आली की पहिला आठवडा ती तिला उडी मारूच देत नाही. अडथळे पाडायला लावते. गुडघ्याने, टाचेने, मांडीने, हवं तसं. "आधी त्याची भीती पाड," ती सांगते, "मग बघू वरून कसं जायचं ते." इतर कॉलेजांचे प्रशिक्षक म्हणतात, ही बाई अडथळे ओलांडायला शिकवते की मोडायला? त्यांच्या मुली मार बसून खेळ सोडतात. हिच्या सोडत नाहीत.

गेली तीन वर्षं तिची सगळी आशा एका मुलीवर होती. अंगाने इतकी किडकिडीत की तिने पहिल्या दिवशीच तिचं नाव टाचणी ठेवलं. टाचणी रिक्षावाल्याची मुलगी, बोलायला कमी, धावायला अशी की स्टॉपवॉच पुन्हा तपासावं. यंदाच्या आंतरकॉलेज स्पर्धेतून पहिल्या तिघींची राज्याच्या संघात निवड होणार होती. आणि बक्षिसं द्यायला येणार होते खेळाडू संघटनेचे अध्यक्ष. म्हणजे तेच, एके काळचे पंचप्रमुख. चोवीस वर्षांत त्यांच्या खुर्चीची पाठ तेवढी उंच झाली होती.

त्यात प्राचार्यांना एक जुनी जखम होती. मागच्या वर्षी पाहुण्यांचं भाषण चालू असताना वाऱ्याने अडथळे एकामागून एक असे पडत गेले की सगळं मैदान खो-खो हसलं. यंदा एकही पडता कामा नये, असा त्यांनी हुकूम सोडला. दोन दिवस आधी सगळे अडथळे रंगवायला म्हणून गोदामात गेले, आणि स्पर्धेच्या सकाळी पांढरे-लाल, चकचकीत होऊन मैदानावर आले. ती काटा घेऊन निघाली तर प्राचार्यांनी हटकलं. रंग ओला आहे, हात लावायचा नाही. तिचा वर्षाचा कागद त्याच आठवड्यात सहीला गेला होता, हे दोघांनाही माहीत होतं. ती थांबली. ही त्या दिवशीची तिची एकमेव चूक, आणि ती आजही स्वतःला त्याबद्दल बोल लावते.

मुलांची शर्यत आधी झाली. तिसऱ्या पट्ट्यातल्या मुलाचा पाय लागला, अडथळा पुढे झुकला, आणि पडायचं सोडून पुन्हा मागे येऊन जागेवर उभा राहिला. पोरगा हातांवर पडला, तळवे सोलवटले. मंडपात कुणीतरी चुकचुकलं. तिचा हात खिशातल्या काट्याकडे गेला. वारा एवढा असून सकाळपासून एकही अडथळा पडला नव्हता, आणि हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

मुलींसाठी अडथळे खाली करून नव्या खुणांवर मांडले गेले. मुली आपापल्या पट्ट्यात आल्या. टाचणी चौथ्या पट्ट्यात हात झटकत उभी होती. तेवढ्यात काटामॅडम आखणी ओलांडून आत गेली, टाचणीच्या पहिल्याच अडथळ्याला हुक लावला आणि ओढलं. चार. पाच. सहा. आठावर काटा थरथरला, तेव्हा कुठे अडथळा कलंडला. तिने तो उलटा केला. पायांच्या खालच्या बाजूला सळयांचे तुकडे तारेने आवळून बांधले होते आणि वरून झकास पांढरा रंग दिला होता. एक वीट राहून गेली तर समजू शकतो. इथे साठच्या साठ अडथळ्यांना शुद्धीवर असलेल्या माणसांनी विटा बांधल्या होत्या आणि त्या दिसू नयेत म्हणून रंगवल्या होत्या, का तर भाषणात कुणी हसू नये.

ती पट्ट्याच्या मधोमध उभी राहिली. शर्यत सोडणाऱ्या पंचाने पिस्तूल खाली केलं. प्राचार्य मंडपातून जवळजवळ धावत आले आणि दात आवळून हळू आवाजात म्हणाले की पाहुण्यांना तासाभरात निघायचंय, तमाशा नको, जे काय असेल ते उद्या लेखी द्या. ती जागची हलली नाही. मग स्वतः अध्यक्ष आले, गळ्यात हार, चेहऱ्यावर समजूतदारपणा. त्यांनी तिला ओळखलं की नाही कोण जाणे. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "बाई, काळजी करू नका. शर्यतीआधी सगळी पाहणी मी स्वतः केली आहे."

चोवीस वर्षांनी तेच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिला वाटलं होतं, हा माणूस कधी समोर आला तर आपण ओरडू, रडू, काहीतरी फेकून मारू. यातलं काही झालं नाही. तिने काटा त्यांच्यापुढे धरला.

"मग ओढा, साहेब," ती म्हणाली.

अध्यक्षांनी काट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. हात काही पुढे आला नाही. आकड्यापुढे माणसाला तोंड वर करता येत नाही, असं तिचा नवरा म्हणाला होता. येतं. आकड्याकडे बघायचंच नाही, की झालं. अध्यक्ष प्राचार्यांना म्हणाले, यांना बाजूला घ्या.

पण तोवर टाचणी पट्ट्याबाहेर येऊन गवतावर बसली होती. तिच्या शेजारी दुसऱ्या कॉलेजची मुलगी बसली, मग तिसरी. सहाच्या सहा बसल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपला गुडघा कुणाच्या भरवशावर आहे, हे त्यांनी एवढ्यात पाहिलं होतं. आणि मग गोदामाच्या बाजूने मैदानावरचे माळीकाका आले. साठीचा माणूस, हातात पक्कड. प्राचार्यांकडे न बघता ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मीच बांधल्यात, मॅडम. सांगितलं म्हणून बांधल्या," ते म्हणाले. "चुकलं माझं."

चोवीस वर्षं ज्या दोन शब्दांसाठी ती थांबली होती, ते ज्याने द्यायचे त्याने दिले नाहीत. दिले ते हुकमाच्या ताबेदाराने, ज्याची सगळ्यांत कमी चूक होती. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचा भयंकर राग आला, म्हणून तिने खाली बसून पहिली तार पिरगळायला घेतली. काका गोदामातून आणखी तीन पकडी घेऊन आले. सहा मुली, दोन प्रशिक्षक, माळीकाका आणि ती. साठ अडथळे, एकशेवीस तुकडे. प्रत्येक अडथळ्याला ती शेवटी काटा लावायची, पडला की पुढे. मंडपात पाहुण्यांना सरबत दिलं जात होतं. ओला रंग सगळ्यांच्या हातांना लागला.

सदतीस मिनिटांनी शर्यत सुटली. टाचणी पाचव्या अडथळ्यापर्यंत पहिली होती, सातव्यापर्यंतही होती. आठव्याला तिचा गुडघा पट्टीला लागला. काटामॅडमने डोळे मिटून घेतले. तिने आवाज तेवढा ऐकला, पट्टी जमिनीवर आदळल्याचा. आपल्या वेळी तो आला नव्हता. डोळे उघडले तेव्हा अडथळा आडवा होता आणि टाचणी अडखळत, हात हवेत फिरवत, पण दोन्ही पायांवर नवव्याकडे चालली होती. ती पाचवी आली. संघात तिची निवड झाली नाही. मंडपातून अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले म्हणे, एवढं करून शेवटी पाडलाच ना. टाचणी धापा टाकत मॅडमजवळ आली आणि पहिलं काय म्हणाली, तर सॉरी मॅडम, लागला. मॅडमने तिचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, वाटी, आतली बाजू, बाहेरची बाजू. नुसतं खरचटलं होतं. "पुढच्या वर्षी धाव," ती म्हणाली. "धावायला पाय आहेत ना?"

सोमवारी नोटीस आली. कार्यक्रमात सदतीस मिनिटं व्यत्यय आणला, सन्माननीय पाहुण्यांचा अवमान केला, महाविद्यालयाच्या मालमत्तेचा ताजा रंग खराब केला. आपली नेमणूक पुढे का चालू ठेवावी, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. रंग खराब केला! फुटलेल्या गुडघ्याला चोवीस वर्षांत जो कागद मिळाला नाही, तो या रंगाला दोन दिवसांत मिळाला. नवऱ्याने नोटीस दोनदा वाचली. या वेळी त्याने ताट पुढे सरकवलं नाही. नुसतं विचारलं, "लिहून देऊ का?" ती म्हणाली, नको, मोठं नाही लिहायचं.

बुधवारी ती कॉलेजच्या ऑफिसात गेली आणि कारकुनाच्या टेबलावर खुलासा ठेवला. अर्ध्या पानाचाही नव्हता. शर्यत सदतीस मिनिटं उशिरा सुटली, हे खरं आहे. चौथ्या पट्ट्यातला आठवा अडथळा पडला आणि धावणारी पडली नाही, हेही खरं आहे. पाहणी कोणी केली होती, ते पाहणी करणाऱ्यांना विचारावं. खाली सही, आणि सहीच्या खाली एक ओळ: सोबत पुरावा जोडला आहे.

मग तिने ट्रॅकसूटच्या खिशातून वीतभर लांबीचा सळईचा तुकडा काढून कागदावर ठेवला. तार तशीच होती, वर पांढरा रंग होता. कारकुनाने तो उचलून पाहिला, पंच करायचं यंत्र पाहिलं, फाईल पाहिली.

"मॅडम, हे फाईलला लावायचं कसं?"

"तारेनं बांधा," ती म्हणाली. "तुमच्याकडे येतं ते लोकांना."